२ रात्री, ३ दिवसांची क्रूझ: पैसे मोजण्याआधी तास मोजा

डिसेंबर जवळ आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक पाण्याची टाकी साफ करण्याची नोटीस आणि दुसरं क्रूझचं पोस्टर. निळंशार पाणी, पांढरीशुभ्र बोट, '२ रात्री ३ दिवस', खाली एक मोठा आकडा आणि त्या आकड्याच्या डोक्यावर बारीकशी चांदणी.

आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपवर हे पोस्टर पडलं तेव्हा पाऊण तासात आलेले प्रश्न असे होते. जैन जेवण मिळतं का? आईचे गुडघे दुखतात, झेपेल का? गोव्यात उतरवतात ना? आणि तळमजल्यावरच्या काकांचा, "शाहरुखच्या मुलाचं प्रकरण झालं, तीच का ही बोट?"

हो काका, तीच. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मात्र एका शब्दात देता येत नाहीत.

आधी काकांच्या प्रश्नाचं

कॉर्डेलिया क्रूझेसने मुंबईतून फेऱ्या सुरू केल्या सप्टेंबर २०२१ मध्ये. महिनाही झाला नसेल, तोच २ ऑक्टोबरला एनसीबीने गोव्याकडे निघणाऱ्या या बोटीवर कारवाई केली आणि आर्यन खानसह अनेकांना ताब्यात घेतलं. पुढे २८ ऑक्टोबरला मुंबई हायकोर्टाने त्याला जामीन दिला आणि मे २०२२ मध्ये एनसीबीनेच त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं. तोवर कॉर्डेलिया हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं होतं. एवढी प्रसिद्धी कोणत्याही जाहिरात एजन्सीला जमली नसती, फक्त ती नको त्या कारणासाठी होती.

ते निवतंय तोवर जानेवारी २०२२ मध्ये दुसरा झटका बसला. साधारण २ हजार माणसं घेऊन गोव्याला गेलेल्या या बोटीवर ६६ जण कोरोनाबाधित निघाले. गोव्याची सुट्टी बंदरात बसून तपासणी अहवालांची वाट बघण्यात गेली आणि बोट मुंबईला परतली. जमिनीवरच्या हॉटेलात काही बिनसलं तर तुम्ही बॅग उचलून बाहेर पडता. बोटीवर बाहेर पडण्याचा निर्णय तुमच्या हातात नसतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

आता बोटीबद्दल. तिचं नाव एम्प्रेस. ती नवी नाही. १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या गोदीत 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने ती तयार झाली आणि रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी अमेरिकेतून बहामाच्या फेऱ्या मारू लागली. लांबी २११ मीटर, ११ डेक, जवळपास ८०० केबिन. गंमत अशी की ही बोट बांधतानाच ३-४ दिवसांच्या छोट्या सहली डोळ्यासमोर ठेवल्या होत्या. तोवर क्रूझ म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांची निवांत, निवृत्त माणसांची गोष्ट मानली जायची. ज्यांच्याकडे पैसे थोडे आणि रजा त्याहून थोडी, अशा नोकरदारांना समुद्रावर आणण्यासाठी हा प्रकार निघाला. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी मायामीतल्या ज्या माणसासाठी ही बोट बांधली, त्याचाच भाऊ आज ठाण्यात आणि कल्याणमध्ये राहतो.

तुम्ही नेमकं काय विकत घेताय?

डोंबिवलीहून सीएसएमटी ४८ किलोमीटर. फास्ट लोकलने सव्वा तास, त्यात स्टेशनपर्यंतची रिक्षा, प्लॅटफॉर्मवर सोडून दिलेल्या दोन गाड्या. येऊन-जाऊन रोजचे तीन तास सहज जातात. आठवड्याचे १५, सहा दिवसांची नोकरी असेल तर १८. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून पडून गेले, ते याच मार्गावर, याच गर्दीत. इथल्या माणसाला सुट्टीत सगळ्यात आधी काय हवं असतं? कुणीतरी उचलून न्यावं, बसवावं, खायला घालावं आणि परत आणून सोडावं. ट्रॅफिक नको, गर्दीत हात वर धरून उभं राहणं नको. छोटी क्रूझ हेच विकते. जागा विकत नाही, वेळ विकते.

मग तो वेळ मोजून बघू. समजा बोट शुक्रवारी संध्याकाळी ५ ला सुटली आणि रविवारी सकाळी १० ला परत आली. पोस्टरवर ३ दिवस आहेत, घड्याळात ४१ तास. दोन रात्रींची झोप सात-सात तास धरा, राहिले २७. पाच जेवणं-नाश्ते, प्रत्येकी तास, कारण बुफेलाही रांग असतेच. राहिले २२. शेवटच्या सकाळी सामान आवरून केबिन लवकर रिकामी करायची असते, मग लॉबीत बसून आपल्या डेकचा पुकारा होण्याची वाट बघायची. दोन तास त्यात गेले. हातात उरले २०. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडात समुद्र दिसेल असे तास १२-१३.

शिवाय सुटण्याच्या वेळेच्या बरेच तास आधी हजर राहावं लागतं. सामान जमा करा, ओळखपत्र दाखवा, सुरक्षा तपासणी, मग बोर्डिंग. ठाण्याहून किंवा कल्याणहून निघणाऱ्याला शुक्रवारची अख्खी रजा टाकावीच लागते. हा खर्च कोणत्याच पोस्टरवर नसतो.

बोटीवर पाऊल ठेवल्यावर पहिला कार्यक्रम असतो सुरक्षा कवायतीचा. धोक्याचा भोंगा कसा वाजतो, लाइफ जॅकेट कसं घालायचं, आपण कुठे जमायचं. लोक कंटाळतात. पण जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडली आणि ३२ जणांचा जीव गेला, तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. तेवढा अर्धा तास रील बनवणं बाजूला ठेवलेलं बरं.

गोवा बघायचाय की बोट?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. मुंबईतून निघणाऱ्या छोट्या सहली ढोबळ मानाने तीन प्रकारच्या. पहिली, नुसती समुद्रात जाऊन परत येणारी. ही कुठेच थांबत नाही. दुसरी गोव्याची आणि तिसरी लक्षद्वीपची, जी थोडी लांबते. पोस्टरमध्ये 'वीकेंड ॲट सी' असं काही लिहिलेलं दिसलं तर समजायचं की किनारा नाही. हे न वाचता 'गोव्यात उतरवतात ना' असं चढल्यावर विचारणारे असतात.

गोव्याची सहल असेल तर बोट मुरगावला लागते. तिथून पणजी रस्त्याने ३० किलोमीटरच्या आसपास, कळंगुट त्याहून पुढे. टॅक्सीचा वेळ आणि पुन्हा बोटीवर येण्याची ठरलेली वेळ वजा केली की एखादं चर्च, एखादा किनारा आणि एक जेवण, एवढंच बसतं. बोट कुणासाठी थांबत नाही. कंपनीने ठरवलेल्या टूरमध्ये असाल तर तुमची काळजी घेतली जाते, स्वतः फिरत असाल तर घड्याळ तुमचं तुम्ही बघायचं.

ज्याला फक्त गोवा हवाय त्याच्यासाठी हिशोब सोपा आहे. जून २०२३ पासून धावणारी मुंबई–मडगाव वंदे भारत ठाण्याला थांबते आणि पावसाळा सोडला तर आठ तासांच्या आत मडगावला पोचवते. बोटीला याहून बराच जास्त वेळ लागतो आणि लागायलाच हवा, कारण तिचा धंदाच तुम्हाला बोटीवर ठेवण्याचा आहे. ती वेगाने पोचली तर संध्याकाळचा शो कोण बघणार?

लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. तिथे मोठ्या बोटीला धक्का नाही. बोट खोल पाण्यात उभी राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांत उतरवून बेटावर नेतात. लाटा जोरात असतील तर होड्या लावत नाहीत, मग बेट लांबून बघायचं. बुकिंगच्या अटींमध्ये 'हवामानानुसार बदल' असे दोन शब्द असतात, ते याचसाठी.

आणि पावसाळ्यात मुंबईतून हे सगळं का बंद असतं? नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्र थेट अंगावर घेतात. पूर्व किनारा त्या काळात आडोशाला असतो. म्हणून २०२३ पासून एम्प्रेस पावसाळ्यात चेन्नईला जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या मारू लागली. ती सहल परदेशाची, म्हणजे पासपोर्ट लागतो. मुंबई-गोव्याला साधं सरकारी ओळखपत्र पुरतं.

जे खरंच छान असतं

इथे मी थोडी पक्षपाती आहे, कारण 'आईचे गुडघे दुखतात' हा प्रश्न माझ्याच घरातून गेला होता.

गुडघेदुखीवाल्या आईसाठी थंड हवेच्या ठिकाणी चढ असतात, देवस्थानी पायऱ्या असतात, कोकणातल्या घरगुती निवासात खाली उतरून जावं लागतं. बोटीवर लिफ्ट आहे. केबिनपासून जेवणापर्यंत, जेवणापासून नाटक-गाण्याच्या हॉलपर्यंत सगळं एका छताखाली. नातवंडं एका डेकवर, आजी दुसऱ्या डेकवर खुर्ची टाकून समुद्र बघत बसलेली आणि रात्री सगळे एका टेबलावर. एरवी तीन पिढ्यांच्या सहलीत एक पिढी कायम हॉटेलात 'तुम्ही जाऊन या' म्हणत मागे राहते. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, आणि ते इथल्या बोटीवर नाइलाजाने कोपऱ्यात मांडलेलं नसतं, कारण गिऱ्हाईकच तसं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बंदरातून बाहेर पडतानाचा तास. आयुष्यभर आपण मुंबईकडे ट्रेनच्या खिडकीतून, म्हणजे मागच्या दारातून बघितलेलं असतं. बोट सुटली की शहर पहिल्यांदा समोरून दिसतं. एका बाजूला कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपस्तंभ, दुसरीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेनचे दिवे, आणि मग दोन्ही मागे पडतात. थोड्या वेळाने मोबाइलची रेंज जाते. ऑफिसचा ग्रुप गप्प होतो. कुणी स्वतःहून फोन बंद ठेवत नाही, समुद्र ठेवायला लावतो. (इथे एक सावधगिरी: फोन विमान मोडवर टाका. बोटींवर उपग्रहाचं महागडं नेटवर्क असू शकतं आणि फोनने आपोआप ते पकडलं, तर बिल घरी आल्यावर कळतं.)

चांदणीच्या मागे काय असतं?

जाहिरातीतला आकडा बहुतेकदा 'एका माणसाचा, दोघांच्या केबिनमध्ये, आतल्या बाजूच्या खोलीत, सगळ्यात स्वस्त तारखेला' असा असतो. त्यात बंदराचे शुल्क आणि कर मिळवायचे. शनिवार-रविवार, दिवाळी, ३१ डिसेंबर म्हटलं की दर चढतो. एकट्याने जाणाऱ्याला दुसऱ्या रिकाम्या पलंगाचेही पैसे पडतात.

आतल्या खोलीला खिडकी नसते. सकाळ झाली की नाही हे घड्याळ बघून कळतं. झोपण्यापुरती खोली हवी असेल तर ती अगदी ठीक आहे. पण 'समुद्र बघत चहा' हे चित्र डोक्यात असेल तर ते बाल्कनीवाल्या केबिनचं आहे आणि जुन्या बोटीवर अशा केबिन मोजक्याच असतात. पोस्टरवर फोटो त्याच केबिनचा असतो आणि किंमत दुसऱ्या.

तिकिटात साधारणपणे राहणं, मुख्य रेस्टॉरंटमधलं जेवण, पोहण्याचा तलाव आणि काही कार्यक्रम येतात. दारू, खास रेस्टॉरंट, स्पा, वाय-फाय, काही शो, फोटो, किनाऱ्यावरच्या टूर आणि कॅसिनो हे सगळं वेगळं. रोख रक्कम चालत नाही, एक कार्ड मिळतं, ते टेकवत राहायचं. पैसे जाताना दिसत नाहीत, ही या व्यवस्थेची खरी खुबी. जगातल्या मोठ्या क्रूझ कंपन्यांचे वार्षिक हिशोब बघितले तर उत्पन्नातला साधारण तीस टक्के किंवा थोडा जास्त वाटा तिकिटाबाहेरच्या खर्चातून येतो. म्हणजे तिकीट हे प्रवेशाचं शुल्क आहे, धंदा आत आहे. मला यात फसवणूक वाटत नाही, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखाच हा प्रकार. पण चार जणांचं कुटुंब तिकिटापुरते पैसे साठवून गेलं, तर मुलांना प्रत्येक वेळी 'नको' म्हणण्यातच सुट्टी संपते. तिकिटाच्या वर किमान तिसरा हिस्सा बाजूला ठेवूनच बुकिंग करा.

पोट ढवळण्याचं सांगायचं तर हिवाळ्यात मुंबई-गोवा पट्ट्यातला समुद्र बहुधा शांत असतो. तरी ज्यांना घाटात त्रास होतो त्यांनी बोटीच्या मध्यभागातली, खालच्या डेकवरची केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी लागतात. गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवड्यांपुढच्या गरोदर महिलांना प्रवेश देत नाहीत, हेही आधी बघा.

आणि तुमची चादर कोण बदलतं?

छोट्या क्रूझबद्दल सहसा न बोलली जाणारी एक बाजू आहे. सात दिवसांच्या सहलीत प्रवासी आठवड्यातून एकदा बदलतात. दोन-तीन रात्रींच्या सहलीत आठवड्यातून दोनदा-तीनदा. सकाळी दीड-दोन हजार माणसं उतरतात, संध्याकाळी तेवढीच चढतात. मधल्या काही तासांत शेकडो केबिन झाडून, चादरी बदलून, स्वयंपाकघर भरून तयार. प्रवाशाचा सुट्टीचा पहिला दिवस हा कर्मचाऱ्याचा सगळ्यात वाईट दिवस असतो, आणि छोट्या क्रूझवर तो वरचेवर येतो.

हे कर्मचारी बरेचदा आपल्याच आसपासचे असतात. गोव्यात तर बोटीवर नोकरी करणाऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे, त्यांना तिथे 'तारवटी' म्हणतात. ठाणे-कल्याण भागातल्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजांतूनही मुलं क्रूझकडे वळतात. करार महिनोन्‌महिन्यांचा, आठवड्याची सुट्टी अशी नाही. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार, ज्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी. एरवी ही नियमाची ओळ वाटते. हसतमुखाने चौथ्यांदा टॉवेल आणून देणाऱ्या मुलाकडे बघताना ती आठवते.

बोटी वाढतायत, खाडी तशीच

हे सगळं आत्ता समजून घेण्याचं कारण म्हणजे पुढच्या काही वर्षांत ही पोस्टरं वाढणार आहेत. ३० सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असं उद्दिष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पियरला मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. साडेपाचशे कोटींच्या घरातला प्रकल्प, वर्षाला १० लाख प्रवाशांची क्षमता. कॉर्डेलियाने 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' या आणखी दोन बोटी २०२६ आणि २०२७ साठी भाड्याने घेण्याचा करारही एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. बोटी वाढल्या की स्पर्धा वाढेल, दर कदाचित उतरतील.

आपल्याकडे बोट ही कधीकाळी चैन नव्हती, गरज होती. कोकणी चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून गावी बोटीनेच जायचा. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, त्याच्या आठवणी रायगडातल्या अनेक घरांत अजून सांगितल्या जातात. कल्याण तर प्राचीन बंदर. शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली ती याच खाडीच्या आधाराने. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत रेल्वे आली आणि आपण पाण्याकडे पाठ फिरवली.

कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्गाला २०१६ च्या कायद्याने 'राष्ट्रीय जलमार्ग ५३' असा क्रमांक मिळाला. कोलशेत, काल्हेर, मीरा-भाईंदर आणि डोंबिवली इथल्या जेट्टी सागरमाला योजनेत आल्या. लोकलला पर्याय म्हणून रोज सकाळी बसता येईल अशी बोट मात्र डोंबिवलीकराला अजून मिळालेली नाही. मजेसाठी बोट हवी असेल तर ती तयार आहे, फक्त तिच्यापर्यंत पोचायला आधी लोकल पकडावी लागते.

ग्रुपवर मी हे सगळं थोडक्यात टाकलं. जैन जेवण मिळतं. गुडघ्यांना झेपेल. गोव्यात उतरायचं असेल तर पोस्टर नीट वाचा. शुक्रवारची रजा धरा, वरखर्च धरा. तीन कुटुंबांनी नाव दिलं, एकाने वंदे भारतचं तिकीट काढलं. मग काकांचा मेसेज आला.

"बोट रविवारी सकाळी दहाला परत येते म्हणतेस. त्या दिवशी मेगाब्लॉक नाही ना?"